बिनगाड्यांचा रस्ता

आधी गार लागलं, मग चिकट, आणि मग गोड. हे गोडाचं मी कुणाला सांगितलेलं नाही. ओठावर जे उडालं ते जिभेनं माझी परवानगी न घेता चाटून टाकलं. चिंचेचं सरबत. कोपऱ्यावरच्या हॉटडॉगच्या गाडीवर मिळतं तसलं, ढीगभर साखर घातलेलं. हे कळेपर्यंत मी एक पाय फुटपाथवर टेकून उभी होते, बर्फाचे खडे मानेवरून पाठीच्या पन्हाळीत घरंगळत होते आणि कागदी पेला सायकलच्या मागच्या चाकाशी लोळत होता. चव चांगली होती. शी! माणसाच्या तोंडावर कुणी काही फेकावं आणि त्याच्या जिभेला ते आवडावं, यासारखी घाण गोष्ट नाही. मागच्या गाडीवाल्यानं भोंगा वाजवला. कुणी उतरलं नाही, कुणी काच खाली केली नाही. सकाळच्या गर्दीत स्पीडवेसारख्या हमरस्त्यावर कुणाला सवड असते? "ए ढब्बे, रस्ता काय तुझ्या बापाचा आहे?" असं ओरडून ती पिकअप केव्हाच पुढे गेली होती. तिचा मागचा फाळका पिवळ्या दोरीनं बांधलेला होता. उजव्या खिडकीतून एक हात बाहेर लोंबत होता आणि त्याच्यावर कोपरापर्यंत पांढऱ्या रंगाचे शिंतोडे होते. आता टूसॉन शहरात असले हात शेकड्यानं आहेत. उन्हाचा मार परतावा म्हणून इथं सगळ्या सपाट छपरांना पांढरा थर देतात, आणि तो देणाऱ्यांचे हात कायमचे तसेच राहतात. दोरी बांधलेले फाळकेही खूप असतील. पण त्या ओरडण्यामागून हसणं आलं. ते नाकात सुरू झालं, घशात उतरलं आणि शेवटी बारीक शीळ होऊन संपलं. बाजूचा दात अर्धा तुटलेला असला की हवा अशी शीळ घालत निसटते. तो दात तुटला तेव्हा दवाखान्यात त्याच्याबरोबर मीच गेले होते.

माझा धंदाच ऐकण्याचा आहे. कानाची यंत्रं विकणाऱ्या दुकानात मी पुढच्या टेबलाशी बसते. थंडीत उत्तरेकडून येणारे म्हातारे-म्हाताऱ्या माझ्यासमोर आपली यंत्रं काढून ठेवतात आणि मी बारीक ब्रशनं त्यांतला मळ काढते. पिवळा, तपकिरी, कधी केस अडकलेला. लोक विचारतात, तुला किळस नाही येत? नाही येत. म्हातारा कान म्हटला की मळ असायचाच, त्यात त्याचा काय दोष? त्या दिवशीही मी तशीच, आतून ओली, पाठ चिकट, दुकानात गेले, शेजारच्या बेर्निसनं उसनं दिलेलं पिवळं जाकीट मागच्या मोरीत भिजत टाकलं आणि संध्याकाळपर्यंत मळ काढला. एका आजोबांनी विचारलं, "आज बाई गप्पशा?" मी म्हटलं, "तुमचं यंत्र बंद आहे आजोबा." ते खूप हसले. त्यांच्या हसण्यात शीळ नव्हती, म्हणून मला ते फार आवडले.

तर कुको. माझा नवरा. बाप्तिस्म्याचं नाव रेफूहिओ, पण त्या नावानं त्याला फक्त पाद्री हाक मारतो. कुको घरात कोळी सापडला तर पेल्याखाली धरून बाहेर सोडतो. कुको पोरीच्या लग्नात माझ्यापेक्षा जास्त रडला. कुको माझ्या आईचे पाय चेपायचा. हे सगळं खरं आहे, मी कुठं नाही म्हणते? आणि हाच कुको छपरांच्या कामावरच्या सोबत्याच्या, तापियाच्या गाडीत तापियाच्या शेजारी बसून, त्याला हसवायला म्हणून, एका परक्या जाड बाईच्या डोक्यात सरबताचा पेला मारतो. मी सायकलनं कामावर जाते हे त्याला ठाऊक होतं. डॉक्टरांनी साखर सांगितली तेव्हापासून जाते. पण माझं जाकीट निळं, आणि मी नेहमी खालच्या गल्लीनं जाणारी. त्या दिवशी गल्ली खणलेली होती. पिवळ्या जाकिटात, हेल्मेटखाली, काळ्या चष्म्याआड जी होती ती त्याला कुणीतरी वाटली. कुणीतरी ढब्बी.

संध्याकाळी जेवताना मी सांगितलं. सरळ सांगितलं, आज स्पीडवेवर एका पिकअपमधून कुणीतरी माझ्यावर पेला फेकला. मुद्दाम त्याच्याकडे बघत सांगितलं. तो टॉर्टियानं राजमा निपटत होता. हात थांबला. त्यानं खिडकीतून दोरीवर वाळत घातलेल्या पिवळ्या जाकिटाकडे पाहिलं, पाठीवरचा तपकिरी डाग पाहिला, आणि मग तोंडात होतं ते गिळलं. म्हणजे कळलं. त्याला कळलं, आणि त्याला कळलं हे मला कळलं, आणि मला कळलेलं त्याला कळलं नाही. आता बोलेल, मला वाटलं. आता म्हणेल, अम्पारो, मी गाढव आहे. मी काय केलं असतं? किंचाळले असते, ताट फेकलं असतं, आठवडाभर अबोला धरला असता, आणि मग सगळं झालं असतं. पण कुकोनं टेबलावर मूठ आपटली. "कोण तो हरामखोर? माझ्या बायकोवर? हात झडो मेल्याचा! सापडू दे मला, त्याच हातानं त्याला रस्ता चाटायला लावीन!" आणि असं म्हणताना ती मूठ, ती पांढऱ्या शिंतोड्यांची मूठ, टेबलावरच होती, माझ्या ताटापासून वीतभर. मी ताट उचलून मोरीत ठेवलं. रात्री त्यानं ते जाकीट स्वतः धुतलं. संसारात कधी मोजा न धुतलेला माणूस. लिंबू चोळून डाग काढला आणि मला दाखवायला आणलं. "बघ, कळतसुद्धा नाही."

त्यानंतर मला त्याची किळस येऊ लागली. राग नव्हे. रागाला तोंड असतं, तो बोलतो, भांडतो. किळस गप्प बसून बघत राहते. त्याचं चावणं. कॉफीच्या पेल्यावर राहणारा ओठांचा ठसा. आंघोळीच्या साबणाला चिकटलेला केस. आधी यातलं काहीच मला दिसत नव्हतं, किंवा दिसत होतं आणि ते माझ्या घराचं होतं, जसे ते म्हाताऱ्यांचे कान. आता मी साबण उचलण्याआधी नळाखाली धरायची. आणि तो तर मेला गोड होत चाललेला. रोज विचारायचा, "आज कुणी त्रास नाही ना दिला?" मग एकदा म्हणाला, "तू शहरात सायकल चालवू नकोस. तुला चालवायचीच आहे ना, मग आपण गाड्या नाहीत तिथं जाऊ. जुन्या खाणीच्या रस्त्यानं. दोन दिवस, सामान बांधून, मस्त. मीही येतो." हसावं की रडावं? गाड्या नाहीत तिथं! म्हणजे जिच्याकडून भीती ती गाडीच सायकलवर बसून माझ्याबरोबर येणार. मी हो म्हटलं. आणि मनाशी ठरवलं, दोन दिवस पुष्कळ झाले. या दोन दिवसांत तो आपणहून बोलला तर मी सगळं गिळून टाकीन, साबणावरचा केससुद्धा. नाही बोलला तर घरी परतायचं नाही. बेर्निसच्या परसात एक खोली आहे. बेर्निस माझी शेजारीण, शाळेतून निवृत्त झालेली, एकटी, पायांच्या पोटऱ्या दगडासारख्या. तिच्याकडे मी किल्ली मागितली. ती म्हणाली, "किती दिवसांसाठी?" मी म्हटलं, "ते मला रविवारी कळेल." तिनं किल्ली दिली. मी ती सायकलच्या पिशवीतल्या फणीच्या कप्प्यात ठेवली.

फणी म्हणजे आईची पोलादी फणी, लांब दातांची. आमच्याकडे वाळवंटात जाणारा माणूस एक वेळ टोपी विसरेल, फणी विसरणार नाही. चोया नावाचं निवडुंग लांबून लोकरीच्या गोळ्यासारखं मऊ दिसतं, आणि नुसता धक्का लागला की त्याची कांडीच्या कांडी तुटून अंगाला चिकटते. काट्यांना उलटी कुसळं असतात. हातानं ओढायला गेलं की दुसरा हात अडकतो. म्हणून कांडीखाली फणी सरकवायची आणि एका झटक्यात उडवायची. हे आम्हाला शाळेत जाण्याआधी शिकवतात. आणि दुसरं शिकवतात ते सावारोबद्दल, ते दोन मजली उंच, हात वर केलेले निवडुंग उभे असतात ना, त्यांच्याबद्दल. आई शाळेच्या स्वयंपाकघरात ओओदाम बायकांबरोबर कामाला होती. ते या मातीतले मूळचे लोक. त्यांच्यात सावारो म्हणजे माणूस. आई आम्हाला बजावायची, "त्यांना दगड मारायचा नाही. ती माणसं आहेत. माणसाला कुणी काही फेकून मारतं का?"

शनिवारी पहाटे निघालो. शहराच्या पश्चिमेला जुना पूल पुरात वाहून गेल्यापासून तो रस्ता गाड्यांना बंद आहे; तोंडाशी सिमेंटचे ठोकळे टाकलेत, त्यांच्यामधून सायकली तेवढ्या जातात. ठोकळे ओलांडले आणि कानांत काहीतरी उघडलं. चाकांची खसखस, कुठंतरी सुतारपक्षी, बस्स. दोन्ही बाजूंना डोंगरापर्यंत सावारो उभे, मधे पिवळ्या फुलांची झुडपं, आणि सकाळच्या उन्हात चोयांच्या काट्यांना अशी सोनेरी झळाळी की कुणालाही हात फिरवावासा वाटावा. मला हे सगळं फार आवडतं आणि त्या दिवशी मला ते नीट आवडू शकलं नाही, याचंही खापर मी त्याच्यावर फोडते. कुको माझ्यापुढं होता. त्यानं या सहलीसाठी बुडाला गादी लावलेली घट्ट चड्डी आणली होती आणि त्या चड्डीत ते बूड डावीकडे-उजवीकडे हलत माझ्यापुढं चाललं होतं, बनियन वर सरकून कमरेवरची चरबीची वळी बाहेर. मग वाटायचं, म्हणजे मला तरी काय झालंय? माझी वळी काय कमी आहे? त्यानं याच वळीला पाहून ढब्बी म्हटलं आणि मी त्याच्या वळीला पाहून नाक मुरडते. किळस ही संसर्गाची चीज आहे. त्याच्याकडून मला लागली.

तो अखंड बोलत होता. मोकळ्या रस्त्यावर घंटी वाजवायचा. "काय शांतता आहे बघ! इथं कुणी तुझ्या वाटेला जाणार नाही." पहिल्या चढानंतर आम्ही पालोव्हेर्देच्या झाडाच्या विरळ सावलीत थांबलो तेव्हा मी म्हटलं, "मला अजून तो पेला आठवतो." म्हटलं आणि पाण्याच्या बाटलीचं बूच लावण्यात उगाच वेळ घालवला. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सोड गं. जनावरं असतात असली माणसं. त्यांना आयाबहिणी नसतात." मी म्हटलं, "असतात की. बायकाही असतात." तो म्हणाला, "त्या बिचाऱ्यांना काय माहीत!" हे तो इतक्या मनापासून म्हणाला, की क्षणभर मला त्या बिचारीची खरंच दया आली. खांद्यावरचा हात गरम आणि दमट होता. मी सायकलची साखळी बघायच्या निमित्तानं वाकले आणि तो हात गळून पडला.

आम्ही भेटलो ते ईस्टरच्या जत्रेत. आमच्याकडे तेव्हा अंड्याला भोक पाडून आतलं काढून टाकतात, टरफलात रंगीत कागदाचा चुरा भरतात, आणि ज्याच्यावर जीव असेल त्याच्या डोक्यावर फोडतात. कुकोनं माझ्या डोक्यावर फोडलं. केसांत आठवडाभर गुलाबी कागद निघत होता आणि मी आरशापुढं तो एकेक वेचून डबीत ठेवत होते, इतकी मी वेडी. तेव्हाही तो असाच हसला होता, फक्त तेव्हा दात शाबूत होता. माझ्या शेजारी सेलिया होती, अंगानं भरलेली, चष्मेवाली. तिच्याही डोक्यावर त्यानं अंडं फोडलं. ते कच्चं होतं. बलक तिच्या चष्म्यावरून ओघळला आणि सगळी जत्रा हसली. मी तेव्हा बारीक होते. इतकी वर्षं ही आठवण माझ्याकडे होती आणि तिच्यात फक्त गुलाबी कागद होता. बलक आता, या चढावर दिसला.

संध्याकाळी खाणीच्या जुन्या वस्तीजवळ तंबू टाकला. ऊन डोंगरामागं जात होतं, सावारोंच्या सावल्या रस्ता ओलांडून पलीकडे पोचल्या होत्या. कुकोनं शेगडीवर डब्यातला राजमा गरम केला, माझ्यासाठी कांदा वेगळा चिरला, कारण मला कच्चा आवडतो. मग तो चमचा हातात धरून म्हणाला, "अम्पारो, एक सांगायचं होतं." बोल रे बाबा, मी मनात म्हटलं. बोल आणि सोडव मला. किल्ली मी या राजम्यात टाकून देते. तो म्हणाला, "मी तापियाबरोबरचं काम सोडणार आहे."

"का?"

"माणूस चांगला नाही. गाडी चालवताना लोकांना त्रास देतो. सायकलवाल्यांना तर जास्तच." राजमा ढवळत, माझ्याकडे न बघता. "मला तर वाटतं, तुझ्यावर पेला फेकला तो तापियाच असणार."

"तापियानं?"

"असणार. मी नव्हतो त्या दिवशी गाडीत. मी असतो तर हात धरला असता त्याचा."

मला एकदम ओकारी आली. खरोखरची. मी उठून दगडामागं गेले आणि दुपारचं सगळं बाहेर काढलं. तो धावत आला, माझे केस मागं धरले, पाठ चोळली, म्हणाला, "ऊन लागलं तुला. तरी मी म्हणत होतो, सावकाश." किती मायेनं चोळली! आणि मला कळेना की हा माणूस नक्की कुठं बसलाय, या चोळणाऱ्या हातात की त्या फेकणाऱ्या. आणि मग कळलं की हात एकच आहे, हेच तर सगळं दुखणं आहे. तापिया गाडी चालवतो. आमच्या देशात चालवणारा डावीकडे बसतो. पेला उजव्या खिडकीतून आला. एवढं पोराला कळेल. पण माझ्याकडे अजून एक सकाळ होती आणि मी ती त्याला द्यायचं कबूल केलं होतं, भले त्याला ते ठाऊक नसेल.

सकाळी कुको हलका झाला होता. असं होतं काही लोकांचं. दुसऱ्याच्या नावावर पाप टाकलं की त्यांना झोप छान लागते. तो गात होता. परतीचा रस्ता उताराचा, हवा गार, आमच्या मागं खूप लांबवर चार-पाच सायकली येताना दिसत होत्या, पिवळ्या-नारिंगी जाकिटांचे ठिपके. "आले तुझे भाऊबंद," तो म्हणाला, "पोपटासारखे नटून." एका हातानं हँडल धरून तो सोड्याचा डबा पीत होता. वळणावर एक मोठा सावारो होता, खूप जुना, बुंध्याशी जाड, हात अंगाशी धरून उभा. कुकोनं डबा रिकामा केला, नेम धरला, आणि हात मागं नेला. मी पाहिलं. मी "कुको" म्हणाले, पण माझ्या तोंडून ते जेमतेम फुटलं. डबा सावारोच्या मधोमध लागला. आणि ते हसणं. नाकात सुरू झालेलं, घशात उतरलेलं. पण शीळ पुरी झाली नाही. एका हातावरची सायकल वाळूत घुसली, पुढचं चाक आडवं झालं आणि कुको रस्ता सोडून पाठीवर पडला तो थेट चोयाच्या झुडपात.

तो जो ओरडला तसं मी माणसाला ओरडताना ऐकलेलं नाही. कसाबसा रांगत रस्त्यावर आला. पाठीवर कांड्या, दंडावर, मांडीला, उजव्या मनगटाला. "हात लावू नकोस!" मी ओरडले, पण त्यानं लावलाच, इथं जन्मलेल्या माणसानं, जो आपल्या पोरीला फणी धरायला शिकवून बसलाय त्यानं, घाबरून डाव्या हातानं उजव्याची कांडी ओढली आणि दोन्ही हात एकमेकांना टाचले गेले. तसा तो रस्त्याच्या मधोमध गुडघ्यांवर बसला, हात जोडल्यासारखा. मी फणी काढली. कप्प्यात किल्ली खणकली.

"लवकर, अम्पारो, देवाशपथ लवकर."

"शपथा नकोत. हलू नकोस." मी फणी सरकवली आणि झटका दिला. कांडी उडून लांब पडली. त्याच्या तळहातावर रक्ताचे बारीक थेंब आले, पांढऱ्या शिंतोड्यांमधून. तो लहान मुलासारखा रडत होता, नाकातून शेंबूड ओठावर आला होता, आणि मी तो माझ्या बाहीनं पुसला. बघा, हेही मी केलं. मग दंड. मग मांडी. आणि मांडीतली कांडी काढताना मी म्हटलं, "तापिया गाडी चालवतो. पेला उजवीकडून आला."

तो हुंदका देता देता थांबला. मी फणीच्या दातांत अडकलेली कुसळं दगडावर झटकत होते.

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून. तू हसलास ना."

"मग बोलली का नाहीस?"

"मी बोलायचं होतं?"

त्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता. अजूनही आता. एक शब्द. आणि तो कळवळून म्हणाला, "अगं पण ती तू आहेस हे मला कुठं ठाऊक होतं! मला ठाऊक असतं तर मी फेकला असता का?"

हे तो खरं बोलला. इतक्या दिवसांत बोललेलं पहिलं खरं. आणि ते त्याला माफीसारखं वाटत होतं, हे त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. त्यानं जणू माझ्यापुढं सर्वांत चांगली वस्तू काढून ठेवली होती.

"तेच तर," मी म्हटलं. "ती मी नसते तर चाललं असतं."

"तसं नाही गं..."

"मग कसं?"

त्याच्या खांद्यांमधून कळ गेली आणि तो म्हणाला, "आधी पाठीतलं काढ. मग बोलू आपण."

पाठीत दोन कांड्या होत्या, दोन खांद्यांच्या बरोबर मधे, जिथं माणसाचा स्वतःचा हात कधीच पोचत नाही. बनियन ओली, तिला घामाचा आणि राजम्याचा वास. मी फणी हातात धरून बघत राहिले. एक झटका, फार तर दोन. माझ्या हाताला ते काही जड नव्हतं. मी आयुष्यभर परक्यांच्या कानांतला मळ काढलाय. पण माझा हात पुढं गेला नाही. वळणामागून त्या सायकली आता जवळ आल्या होत्या, घंट्या ऐकू येत होत्या. पुढं एक बाई होती. अंगानं माझ्याएवढी, पिवळं जाकीट, उतारावरून जपून येणारी.

मी फणी त्याच्या सायकलच्या हँडलला अडकवली.

"अम्पारो? काय करतेस?"

"येतायत ना लोक. त्यांना सांग. नीट सांग, म्हणजे ती काढेल."

"कोण ती? अगं मी ओळखत नाही तिला!"

"मलाही नव्हतं ओळखलंस," मी म्हटलं, आणि सायकलवर बसले.

उतार होता, पायडल मारावं लागलं नाही. मागून आधी माझ्या नावानं हाका आल्या, मग शिव्या, मग पुन्हा माझं नाव. आणि मग, हवा माझ्याकडे वाहत होती म्हणून, मला स्वच्छ ऐकू आलं. माझ्या नवऱ्याचा आवाज, त्यानं कधी कुणा परक्या बाईशी काढला नसेल इतका मऊ, "ताई... ओ ताई... जरा थांबता का?" आणि सायकलचे ब्रेक लागल्याचा आवाज. ती थांबली होती. ती थांबणार हे मला ठाऊक होतं.

मी वळून पाहिलं नाही. ठोकळ्यांपाशी सायकल उतरून आडवी काढली. पलीकडून गाड्यांची घरघर सुरू झाली होती. किल्ली कप्प्यात आहे का हे चाचपून पाहिलं. वरच्या ओठावर घाम आला होता, तो जिभेनं चाटला. खारट होता.